ठसा नागपुरात, चूल काटोलात

सव्वीस जानेवारीला गल्लीतलं झेंडावंदन आटोपलं की नगराळ्यांच्या घरात सभा भरायची. गल्लीतल्या कार्यक्रमात बुंदी वाटायचे. घरच्यात कधी कोणी काही वाटल्याचं आठवत नव्हतं. मागायचे मात्र सगळे.

ओमप्रकाशने यंदा कागद छापून आणले होते. सात माणसं, सात प्रती, प्रत्येक प्रतीला कोपऱ्यात स्टेपल. सीताबर्डीच्या दुकानात गिऱ्हाइकाला बिल देतानाही जो स्टेपल वाचवतो, तो घरच्यांना पिन मारून कागद देतो तेव्हा समजावं की तो रात्रभर झोपलेला नाही. वर जाड अक्षरात लिहिलं होतं: ‘काटोल शाखा : थकबाकी व शिस्त’. शिस्तीखाली रेघ मारलेली होती, थकबाकीखाली नव्हती. आकड्याला रेघेची गरज नव्हती. नऊ लाख दहा हजार.

“वाच,” तो उन्नतीला म्हणाला.

उन्नती त्याची लेक. सीएच्या परीक्षेच्या मधल्या पायरीवर होती, आणि त्या पायरीवरच्या सगळ्यांसारखी प्रत्येक गोष्ट तक्त्यात बसते अशी तिची खात्री होती. बाबांनी तोंडी सांगितलेलं तिनेच कलमवार केलं होतं. तिने घसा साफ केला, समोर बसलेल्या काका-काकूंकडे न पाहता वाचायला सुरुवात केली.

नगराळ्यांची पेटी एक आणि चुली तीन. पेटी म्हणजे आता बँकेतलं सामाईक खातं. नाव मात्र ओमप्रकाशच्या वडिलांच्या, मारोतरावांच्या, लोखंडी पेटीचंच राहिलं होतं. मारोतराव गेले त्याला चौदा वर्षं झाली. गिरणीतून निवृत्त होताना त्यांनी दोन गोष्टी घरी आणल्या: कॅन्टीनच्या बिल्ल्यांची कल्पना आणि युनियनच्या सभेची. घरासाठी त्यांनी पितळेचे आठकोनी बिल्ले पाडून घेतले. आज एका बिल्ल्याची किंमत शंभर रुपये होती, आणि नगराळ्यांच्या कोणत्याही दारात तो रोख पैशासारखा चालायचा. काटोलच्या शेडमध्ये संत्री निवडणाऱ्या बायांना हंगाम संपला की मजुरीवर बक्षीस म्हणून वीस-वीस बिल्ले मिळायचे. त्या सीताबर्डीला येऊन ओमप्रकाशच्या दुकानातून लेकरांचे कपडे घेऊन जायच्या. बिल्ला पाडायचा ठसा एकच होता आणि तो ओमप्रकाशच्या तिजोरीत असायचा. काटोलची शेड चालवणाऱ्या धाकट्या भावाला, जितेंद्रला, बिल्ले लागले की नागपूरला फोन करावा लागे, आणि नेले तेवढे काटोलच्या नावावर चढत.

सभेचे नियम मारोतरावांनी वहीत लिहून ठेवले होते. वय अठरा झालं की मत. लेकीला मत, सुनेला मत, लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही मत. त्यांची बायको कांताबाई सभापती, त्यांनी बोलायचं कितीही, मत द्यायचं फक्त बरोबरी झाली तर.

“कलम चार,” उन्नती वाचत होती. “शेडमधलं स्वयंपाकघर आणि लहान मुलांची खोली एकतीस जानेवारीपासून बंद. कलम पाच. दोन हजारांवरचा कोणताही खर्च नागपूरच्या सहीशिवाय नाही. कलम सहा.” इथे ती थांबली. “थकबाकी पूर्ण फिटेपर्यंत काटोल शाखेचं सभेतलं मत स्थगित.”

नंदिनीने आपली प्रत सतरंजीवर ठेवली. 

“दादा,” ती म्हणाली. ओमप्रकाशपेक्षा लहान, जितेंद्रपेक्षा मोठी बहीण. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची, आणि पगाराचा पाचवा हिस्सा पेटीत टाकत असल्यामुळे तिला कोणी गप्प बस म्हणत नसे. “सहावं कलम पहिले ठेवायचं होतं नं. बाकीची पाच वाचायचे कष्ट वाचले असते.”

“तुले गंमत सुचून राहिली. नऊ लाख कोण भरन? तू?”

“मी नाही भरत. पण काटोलचं मत काढलं तं उरले तुम्ही तिघं अन् मी. तीन विरुद्ध एक. याले सभा नाही म्हणत, दादा. याले दुकान म्हणतात.”

ओमप्रकाश तिच्याकडे न पाहता आईकडे वळला. आईला हिशोब कळतो, हा त्याचा जुना विश्वास. तो म्हणाला, “आई, तूच सांग. जो भरते त्यानं ठरवावं का जो बुडवते त्यानं? बँकही असंच करते.”

कांताबाईंनी कागद हातात धरला होता, उलटा. चष्मा घातला नव्हता, लागतही नव्हता.

“ओम्या, तुह्या आजानं मले सांगतलं होतं. इंग्रजाच्या टायमाले मत कोणाले? जो शेतसारा भरे त्याले. आपल्या वाड्यात सारा भरनारा एक नव्हता. चावडीवर आपल्या गोष्टी ठरत, अन् आपन चावडीखाली उभे. छप्पन साली तुहा बाप चौदा वर्षाचा होता. दीक्षा घेऊन आला तं आजाले म्हणे, आता आपल्याले कोनी उभं नाही ठेवनार. म्हणून त्यानं सभा सव्वीस जानेवारीले ठेवली. नाही तं दसऱ्याले ठेवली असती, सुट्टी तं तवाबी असते.”

“पण आई—”

“सहावं कलम मी सभेपुढंच घेत नाही. मत काढायसाठी मत घेता येत नाही. उन्नती, काट ते.”

उन्नतीने बाबांकडे पाहिलं. बाबा भिंतीकडे पाहत होते. तिने पेनाने रेघ मारली. स्वतः टाइप केलेल्या ओळीवर रेघ मारताना जसा हात जड होतो तसा झाला.

“चालते,” ओमप्रकाश म्हणाला. “सहावं गेलं. चौथं तं आहे. जितू, तू सांग. तुही शेड आहे.”

जितेंद्र सतरंजीच्या काठाचा धागा ओढत होता. शेडमध्ये चाळीस किलोचा क्रेट एका हाताने उचलणारा हा माणूस थोरल्या भावासमोर बसला की खांदे आत ओढून घ्यायचा. बांगलादेशाने संत्र्यावर शुल्क वाढवलं त्या वर्षी त्याचा माल ट्रकमध्येच सडला होता. त्या वर्षापासून तो कोणाला ‘नाही’ म्हणायचं विसरला होता.

“भाऊ म्हणते ते... बरोबरच असन,” तो म्हणाला.

शामला त्याच्या शेजारी बसली होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग उठली आणि स्वयंपाकघरात गेली.

“पहिले खाऊन घ्या,” कांताबाई म्हणाल्या. “उपाशी मानूस मत देत नाही, शिव्या देते.”

*

ओमप्रकाशच्या बायकोने, चारुलताने, सांबारवडीचे पुड तळायला घेतले होते. सांबार म्हणजे कोथिंबीर. जानेवारीत नागपुरात ती इतकी स्वस्त असते की काटकसरीच्या सभेलाही चालते. धाकटी जाऊ आत आली ती सरळ ओट्यावरचं पीठ मळायला लागली. पीठ आधीच मळलेलं होतं. 

“ताई, तुमाले माहीत होतं नं?”

“काय वं?”

“हे कबूल करून बसले ते. फोनवर. मले तर आत्ता त्यायच्या तोंडाकडं पाहून समजलं.”

चारुलताला माहीत होतं. गेल्या बुधवारी दुकानात ओमप्रकाश फोनवर बोलत होता आणि ती गल्ल्यावर होती. “शब्द दे, जितू,” तो म्हणाला होता, आणि पलीकडून शब्द आला होता. फोन ठेवताना ओमप्रकाशचा चेहरा कपड्याचं ठाण चोख मोजून झाल्यासारखा सैल पडला होता.

“शनिवारी मी शेडमधल्या बायायले विचारलं,” शामला म्हणाली. “सगळ्यायले बसवलं. म्हटलं, नागपूरवाले चूल बंद करा म्हणून राहिले. हात वर करा. एकीनं नाही केला, ताई. हे बाजूलेच उभे होते. मले म्हणे, मी सांगतो भावाले. हे असं सांगतलं!”

कणीक तिच्या मुठीत चेपली गेली.

“गेल्या वर्षी संध्याकाळचा चहा-नाश्ता बंद केला. भाऊजी म्हणे, अडतीस हजार वाचते. वाचले बरं, अडतीस हजारच वाचले. अन् सतरा बाया गेल्या. नरखेड रोडवर दुसरी शेड आहे, तिथं नाश्ता देतात. शेहेचाळीसच्या एकोणतीस राह्यल्या. बावन हजार क्रेट निवडत होतो, तेहतीस हजारावर आलो. अन् आता म्हणतात, देणं वाढलं, म्हणून जेवणबी बंद करा, पाळणेबी काढा. सात लेकरं आहे तिथं, ताई. शेडच्या आढ्याले साड्या बांधल्या आहे. पाळणे काढले तं त्या सात बाया काय लेकरं डोक्यावर घेऊन संत्रं निवडन? मृगबहाराचं संत्रं तीन हप्त्यात तोडाले येते. चूल नसली तं शेडले कुलूप लागते. मंग नऊ लाख कायच्यातून देऊ?”

“जितेंद्र भाऊ म्हणत होते नं मागं, आपलेच बिल्ले पाडू, अल्युमिनियमचे?”

शामलाला त्याही स्थितीत हसू आलं. “पाडले असते. मुकादम रंजनाले देले असते. तिनं ते बोरवेलच्या नळीखाली वाशर म्हणून ठेवले असते. बिल्ला चालते काहून? तं सीताबर्डीत दुकान आहे म्हणून.”

चारुलताने झारा कढईच्या काठावर ठेवला. तेल तापत राहिलं.

दुकानात ओमप्रकाश गिऱ्हाइकाशी बोलायचा, माल दाखवायचा, घासाघीस करायचा. गल्ल्यावर मात्र बावीस वर्षं ती बसायची, आणि बिल्ले तिच्या हातात यायचे. मे महिन्यात, मृगाचा हंगाम संपला की, काटोलच्या एसटीतून बाया यायच्या. पदराच्या गाठीतून बिल्ले काढून काउंटरवर ठेवायच्या, मोजून. रोखीचं गिऱ्हाईक सहाशेच्या फ्रॉकला चारशे ऐंशी म्हणायचं आणि पाचशेला न्यायचं. बिल्ल्याचं गिऱ्हाईक लेबलवर असेल ते द्यायचं. मारोतरावांचाच नियम होता तो: बिल्ल्यावर घासाघीस नाही. दुकानदाराने बाईला चार लोकांत हिणवू नये म्हणून केलेला नियम. पुढे ओमप्रकाशने लेबलं बदलली. नियम तसाच राहिला.

आलेले बिल्ले ती तारेत ओवायची, पन्नासाची एक माळ. माळा मोजायची तिला सवय होती. नवरा नोटा मोजतो तशी. गेल्या तीन वर्षांच्या शहाण्णव माळा आणि वर चौतीस सुटे.

“शामला,” ती म्हणाली, “तीन वर्षांत तू किती बिल्ले नेले?”

“पहिली दोन वर्षं शेहेचाळीस बाया, वर्षाले दोन हंगाम. मंग एकोणतीस. चार हजार आठशे चाळीस.” शामलाला आठवावं लागलं नाही, हा आकडा तिला झोपेतही पाठ होता, कारण तो तिच्या नावावर होता.

“माह्यापाशी चार हजार आठशे चौतीस आले.”

“सहा कुठं गेले?”

“कोण्या लेकराच्या गळ्यात असन. पण बाकीचे कुठं गेले, ते समजलं का तुले?”

शामलाने पिठाचे हात तसेच धरून तिच्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “आमच्या वहीत देणं. तुमच्या वहीत विक्री.”

“वडी जळली वं,” चारुलता म्हणाली, आणि गॅस बंद केला.

*

जेवताना नंदिनीने ग्रीसचा विषय काढला. तिला वाटलं होतं की कढीबरोबर गोष्ट गळ्याखाली उतरेल.

“एक देश होता, दादा. नाणं त्याचं एकट्याचं नाही, शेजाऱ्यांसोबत सामाईक. ठसा दुसऱ्याच्या गावात. कर्ज झालं डोईजड. बाकीचे म्हणे, पेन्शन कापा, पगार कापा, मग देऊ. कापलं. लोकांच्या हातात पैसा उरला नाही, बाजार बसला, बाजार बसला तं कर गोळा होईना, अन् कर्ज होतं तिथंच. मंग सरकारनं लोकांले विचारलं, अजून कापायचं का? दर शंभरातले एकसष्ट म्हणे, नाही. अन् आठ दिवसांत त्याच सरकारनं हो म्हटलं.”

ती जितेंद्रकडे पाहत नव्हती. जितेंद्रने तरी कढीची वाटी तोंडासमोर धरली.

“त्यायच्यावर जबरदस्ती झाली असन,” तो वाटीतून म्हणाला.

“झाली नं. बँका बंद होत्या. दिवसाला साठ युरोच निघत होते. मी कुठं त्याले भित्रा म्हणून राहिली?”

“तू मले ग्रीस नको शिकवू,” ओमप्रकाश म्हणाला. “उधारी घेताना त्यायले गोड लागली असन. बाकीच्यायनं काय दानधर्म करायचा?”

“बरोबर आहे तुझं. त्यायनंबी खोटे हिशोब दाखवले होते, ते काही साधू नव्हते. पण ज्यायनं कापा म्हणून सांगतलं नं, त्याच नाणेनिधीच्या पंडितांनी नंतर आकडे पाहून लिहिलं: खर्च कापला की कमाई किती पडते, ते आम्ही कमी धरलं. चूक आमच्या अंदाजाची.”

“लिहून काय झालं? पैसे परत देले?”

“नाही.”

“मंग मले लिहिणाऱ्यायचं नको सांगू.”

तसा हा वाद बरोबरीत सुटला असता. ओमप्रकाशने हात धुतले, कागद घेतला, आणि सभा पुन्हा बसली. तेवढ्यात चारुलता स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि नेहमीसारखी दारात न टेकता सरळ सतरंजीवर, शामलाच्या बाजूला जाऊन बसली. ओमप्रकाशला हे दिसलं. पंचवीस वर्षांच्या संसारात बायको सभेत समोर बसल्याचं त्याला आठवेना.

“कलम चारवर मले बोलायचं आहे,” ती म्हणाली.

“तुले?”

“मले मत आहे नं? तं बोलणंबी असन.”

“बोल,” कांताबाई म्हणाल्या.

“उन्नती, तुह्या लॅपटॉपात काटोलचे नऊ लाख दहा हजार आहे. त्यातले बिल्ल्यांचे किती?”

उन्नतीने बोटं चालवली. तिला आकडा सापडायला वेळ लागला, कारण तिने तो ‘मजूर कल्याण’ नावाच्या रकान्यात टाकला होता आणि त्या रकान्याकडे पुन्हा पाहिलं नव्हतं. “चार लाख चौऱ्याऐंशी हजार.”

“अर्ध्यावर झालं. आता आपल्या दुकानाच्या विक्रीत बिल्ल्यांचे किती?”

“ते... ते वेगळं नाही केलं. विक्री म्हणजे विक्री, मम्मी.”

“मी सांगते. सहा बिल्ले सोडले तं तेवढेच. अन् लेबलाच्या भावानं. रोखीवाला शंभर रुपये सोडवून जाते. काटोलची बाई एक रुपया नाही सोडवत.” तिने नवऱ्याकडे पाहिलं, आवाज चढवला नाही. “उन्नतीचे बाबा, तुम्ही म्हणता जो भरते त्यानं ठरवावं. आपण पेटीत भरतो ते खरं आहे. पण आपल्या गल्ल्यात कोण भरते, तेबी पाहा. मे महिन्यात शाळेच्या कपड्यायचा हंगाम सुरू व्हायच्या पहिले दुकानाचं भाडं, विजेचं बिल कायच्यातून जाते? गेल्या वर्षी सतरा बाया कमी आल्या. तवा तुम्ही म्हणे, बाजार थंडा आहे. बाजार नव्हता थंडा. आपणच चहा बंद केला होता.”

शेवटचं वाक्य संपल्यावर सगळ्यांनी ओमप्रकाशकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. माणूस हरताना त्याच्याकडे टक लावून पाहू नये, एवढी रीत या घरात होती.

ओमप्रकाशने कागद घेतला आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर आकडे मांडले. त्याच्याबद्दल एक गोष्ट कबूल करायला हवी. भावाचं तो ऐकत नसे, बहिणीचं हसण्यावारी नेई, बायकोचं त्याला ऐकूच येत नसे; पण बेरजेशी त्याने कधी वाद घातला नव्हता. अडतीस हजार वाचले. एकोणीस हजार क्रेट गेले. सतरा बाया, वर्षाचे सहाशे ऐंशी बिल्ले, अडुसष्ट हजारांची विक्री, तीही लेबलाच्या भावाची. त्याने दोनदा मांडलं. दुसऱ्यांदा वेगळं यावं अशी त्याची इच्छा होती.

“दोन शाळा गेल्या,” तो अचानक म्हणाला.

“काय?” जितेंद्र.

“गणवेशाच्या ऑर्डरी. दोन शाळा या वर्षी गेल्या. त्यायनं ऑनलाइनवाल्याले देल्या. मी कोनाले सांगतलं नाही.” त्याने पेनाचं टोपण लावलं, काढलं. “मले वाटलं, काटोलचे नऊ लाख आले तं निघून जाईन हे वर्ष.”

चारुलताचाही हात पदरावरच थांबला. तिला एक शाळा माहीत होती. दुसरी नव्हती.

“हे सांगायचं होतं नं गा, भाऊ,” जितेंद्र म्हणाला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्याचे खांदे जरा उघडले. “मी समजलो तू रागावून राहिला.”

“रागावलोबी होतो.”

“मंग हे घ्या,” नंदिनी म्हणाली. पर्समधून तिने बसच्या तिकिटामागे लिहिलेला हिशोब काढला. भावाशी ग्रीसवर भांडताना ती हा जवळच घेऊन बसली होती. “देणं माफ नाही करायचं, दादा, घाबरू नको. क्रेटमागे पाच रुपये पेटीत. बावन्न हजार क्रेट निघाले तं दोन लाख साठ हजार. साडेतीन वर्षांत फिटते. गारपीट झाली, क्रेट नाही निघाले, तं त्या वर्षी हप्ता नाही. अन् गेलेल्या सतराजणींले परत बोलवा, संध्याकाळच्या नाश्त्यासकट.”

“अन् बिल्ल्यावर रोखीइतकीच सूट,” चारुलता म्हणाली.

“ते कुठून आलं मधातच?” ओमप्रकाश.

“माह्या गल्ल्यातून.”

कांताबाईंनी मांडीवर हात आपटला. “मत घ्या. बोलत बसाल तं चार वाजन. पहिले कलम चार. चूल अन् पाळणाघर बंद करायच्या बाजूनं कोन, हात वर.”

शामलाने डोळे मिटून घेतले. इतकं सगळं बोलून झाल्यावरही तिला खात्री नव्हती. या घरात बोलणं एकाचं आणि हात दुसऱ्याचा, हे तिने गेल्या वर्षी पाहिलं होतं. संध्याकाळच्या चहावर सगळ्यांनी हळहळ केली होती आणि मग चार हात वर गेले होते. तिने मनात सातही लेकरांची नावं घेतली. मग डोळे उघडले.

एक हात वर होता.

जितेंद्रचा.

तो सतरंजीकडे पाहत होता आणि हात ताठ वर होता, शाळेत गुरुजींनी नाव घेतल्यासारखा. मग त्याने मान वर केली. थोरल्या भावाचे दोन्ही हात मांडीवर होते.

“भाऊ?” तो म्हणाला. “तुहा हात?”

“माहा काहून? मले हिशोब समजला.”

“पण मी तं तुले शब्द देला होता. बुधवारी.”

“अरे, मी शब्द मागतला होता तवा मले समजलं नव्हतं!”

पहिल्यांदा उन्नती हसली, मग तिने तोंडावर हात धरला. मग नंदिनी. मग चारुलताला इतकं हसू आलं की ती शामलाच्या खांद्यावर वाकली, आणि शामलाला कळेना की आपण हसतोय की रडतोय. तिला एकदम कडकडून भूक लागली. जेवताना तिने ताटाला हातच लावला नव्हता.

“आई, मी खाली घेतो हात,” जितेंद्र म्हणाला.

“घेता येत नाही. वर गेला तो मोजला. तुह्या बापाचा नियम आहे.” कांताबाईंच्या पोटाला हसण्याने कळ आली होती, तरी त्यांनी तोंड सभापतीचं ठेवलं. “उन्नती, लिही. बंद करायच्या बाजूनं एक. विरोधात?”

पाच हात वर गेले. त्यातला ओमप्रकाशचा सगळ्यांत शेवटी, आणि कोपरातून वाकलेला, पण गेला.

पाच रुपये क्रेटचा ठराव त्यानंतर दोन मिनिटांत झाला. बिल्ल्यावरच्या सुटीचाही झाला. ओमप्रकाशने रोखीच्या सतरा टक्क्यांचे पंधरा करून घेतले आणि त्या दोन टक्क्यांवर त्याचा चेहरा पुन्हा माणसात आला. दोन गेलेल्या शाळांचं काय करायचं हे कोणालाच सुचलं नाही. पण आता ते घरातल्या सातही जणांना माहीत होतं, आणि दुकानातल्या शिल्लक गणवेशांचं कापड शेडमधल्या लेकरांना पुरेल का, असं जितेंद्र विचारू लागला होता. ओमप्रकाशने त्याला भाव सांगितला. दोघं घासाघीस करायला बसले.

चारुलताने उरलेल्या वड्या आणि कढी शामलापुढे आणून ठेवली. शामलाने एका हाताने वडी मोडली आणि दुसऱ्या हाताने काटोलला फोन लावला. पलीकडे एकाच घंटीत उचलला गेला. रंजना, शेडची मुकादम, सकाळपासून फोन हातात घेऊनच बसली असावी. मागे बायांचा गलका होता आणि कोणाचं तरी लेकरू रडत होतं.

“ताई, काय झालं?”

“सिलिंडर सांग. मोठे दोन. अन् तांदूळ पन्नास किलो.”

 रंजनाने फोन तोंडापासून दूर नेऊन काहीतरी ओरडून सांगितलं, आणि एकदम इतका कल्ला उठला की शामलाला फोन कानापासून लांब धरावा लागला.

“अन् नरखेड रोडवरच्या आपल्या बायायले निरोप दे,” ती घास गिळून म्हणाली. “म्हणा, पाच वाजताचा नाश्ता पुन्हा सुरू.”

“देते नं! आत्ता मोटरसायकल पाठवते. ताई, पण सगळे आपल्याच बाजूनं होते का वं? का कोनी विरोधात गेलं?”

शामलाने खोलीच्या त्या टोकाला पाहिलं. जितेंद्र भावाला गणवेशाचा भाव खाली आणायला लावत होता, हातवारे करून, अगदी मोकळ्या आवाजात.

“होता एक,” ती म्हणाली. “काटोलचाच आहे. उद्यापासून शेडमध्ये कांदे चिरायले येते तो.”